पाणी आमचे, पण डोंगर कोणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळा लागला की आमच्या भागात एक शब्द फार ऐकू येतो : 'आमचे पाणी'. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, ग्रामसभेत, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा. येडगावच्या धरणातून डाव्या कालव्याला पाणी सुटले की हा शब्द अधिकच मोठ्याने उच्चारला जातो. कारण ते पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे करीत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडे, सुमारे अडीचशे किलोमीटर जाते. तिकडची माणसेही हाच शब्द वापरतात. म्हणजे पाणी एक आणि त्याला 'आमचे' म्हणणारे दोन. मी येडगावची. गावातला ऊस आणि टोमॅटो ह्याच पाण्यावर उभा आहे. तेव्हा मी पुढे काय लिहिणार हे वाचकांनी गृहीत धरले असेल. पण मला ह्या भांडणात तिसऱ्याच कोणाची तरी बाजू घ्यायची आहे, आणि ती घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. थोडे म्हणजे सहा कोटी साठ लाख वर्षे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे वर्गात जे शिकते ते संध्याकाळी घरी सांगायचे असा आमच्याकडे रिवाज पडला आहे. कधी कौतुकाने ऐकतात, कधी कंटाळून. एकदा मी आजीला विचारले, समुद्र तर आपल्या पश्चिमेला आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले तर शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्र. मग आपली कुकडी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला का जाते? आजीला ह्यात विचारण्यासारखे काहीच वाटले नाही. ती म्हणाली, "कुकडी घोडीत जाती, घोड भीमेत, आन् भीमा इठोबाच्या पायाशी. तिला कोकणात कशाला जायचंय?"

आजीचे भूगोल चुकलेले नाही. कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला, भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, पुढे कृष्णेला मिळते आणि ते पाणी हजाराहून अधिक किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात पडते. दारातला समुद्र सोडून इतक्या लांबचा समुद्र नदीने का गाठावा, ह्याचे उत्तर मात्र विठोबाच्याही आधीचे आहे.

आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन ठिकठिकाणी भेगाळली आणि त्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून पसरत गेला. चित्रात काढतात तसा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी मनात आणू नये. हे उतू गेलेल्या दुधासारखे होते : एकदा उतू गेले, पसरले, निवले, मग पुन्हा. कधी दोन उद्रेकांच्या मधे इतका काळ गेला की वरच्या थराची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून विटेसारखी लाल केली. घाटातल्या रस्त्याला नुकताच कापलेला कडा असेल तर दोन काळ्या थरांच्या मधे ही तांबडी पट्टी दिसते. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याची जाडी मात्र सारखी नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे छिद्र घेतले तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपून त्याखालचा अतिप्राचीन खडक लागला. कोयनेच्या बाजूला मात्र तो ९०० मीटरच्याही खाली लागला. पश्चिमेला जाड, पूर्वेला पातळ.

ह्या थरांना शास्त्रज्ञांनी नावे दिली आहेत. वर्गात ती ऐकून मी ताठ बसले होते. एका थरसमूहाचे नाव भीमाशंकर, दुसऱ्याचे खंडाळा, तिसऱ्याचे महाबळेश्वर. इतकेच नव्हे, ज्या थरांत बोटाच्या पेराएवढे पांढुरके स्फटिक दिसतात त्यांतल्या एकाला मंचरचे आणि एकाला गिरवलीचे नाव आहे! ज्या मंचरला आम्ही बाजाराला जातो, ते नाव जगातले भूशास्त्रज्ञ आपल्या निबंधांत लिहितात. आमच्या भागातल्या नावाला एवढा मान दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात मिळालेला माझ्या तरी ऐकिवात नाही. पण मंचरच्या बाजारात ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे?

आता नदीच्या प्रश्नाकडे वळते. ह्या साऱ्या पठाराला पूर्वेकडे मंद उतार आहे. पश्चिमेचा भाग तर पुढे तुटून वेगळाच झाला. हिंदी महासागरात आज जी सेशेल्स बेटे आहेत ती त्या काळी ह्या भूभागाला लागून होती. लाव्ह्याचा जोर ओसरल्यावर ती दूर गेली, मधे अरबी समुद्र पसरला आणि पश्चिमेकडची बाजू खचली. दोन पाख्यांच्या घराचे एक पाखे कोसळावे आणि दुसरे तसेच आढ्याला धरून राहावे, असे काहीसे झाले. उरलेल्या पाख्यावर पडणारे पाणी उरलेल्या पाख्याच्या उतारानेच जाणार. आपले आढे म्हणजे घाटमाथा : भीमाशंकर, आहुपे, ढाकोबा, जीवधन, नाणेघाट, हरिश्चंद्रगड. कुकडी, मीना, घोड ह्या नद्या त्याच आढ्यालगत जन्मतात आणि वळचणीकडे, म्हणजे पूर्वेला, धावतात. कोकणाच्या बाजूचे ओढे ह्या आढ्याला पायथ्याकडून पोखरत आहेत आणि कडा हळूहळू पूर्वेकडे सरकत आला आहे. तो असाच सरकत राहील. पण त्याची काळजी आपण करण्याचे कारण नाही.

दऱ्यांचा आकारही ह्या थरांनीच ठरवला आहे. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून शिवनेरीकडे पाहिले की कडा, मग पदर, मग पुन्हा कडा असे दिसते. ह्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तेही स्वीडिश भाषेतल्या पायरी ह्या अर्थाच्या शब्दावरून. घाटमाथ्यालगत नद्यांनी डोंगर खोल चिरले आहेत, पण दहा-वीस मैल पूर्वेला येताच दरी अशी पसरते की तिला दरी म्हणणेही जिवावर येते. हा फरक डोळ्यांना पटत नसेल तर धरणांच्या मापांवरून पटावा. घोड नदीवरचे डिंभे धरण डोंगरात आहे. त्याची उंची सुमारे ६७ मीटर आणि लांबी अवघी ८५२ मीटर. १९७७ साली पूर्ण झालेले आमचे येडगावचे धरण ३० मीटर उंच, पण लांबी साडेचार किलोमीटर! एक बाटलीचे बूच, तर दुसरे खळ्याला घातलेला बांध. सायकलवरून आमच्या धरणाच्या कडेने जाताना पाय दुखतात ते दरीच्या रुंदीमुळे, हे मला आता कळले.

आता मूळ भांडणाच्या जवळ येते. पाऊस कुठे पडतो? तो समुद्रावरून येतो, आढ्याला अडतो आणि बहुतेक तिथेच रिता होतो. त्यामुळे नाणेघाटाकडे भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे, मधे आम्ही बागाईतदार, आणि आमच्या पूर्वेला बाजरी. एका दिवसाच्या एस.टी.च्या प्रवासात तीन मुलूख लागतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे जे पाणी साठवतात ते बव्हंशी त्या पश्चिमेच्या पट्ट्यावर पडलेले आहे. आमच्या शिवारावर पडलेल्या पावसावर येडगावचे धरण भरायचे म्हटले तर किती वर्षे लागतील हे सांगायला मला गणित यायला हवे होते. म्हणून तर कला शाखेत आले.

पाणीच नव्हे, नदीकाठची माती तरी आमची कुठे आहे? ती डोंगर झिजून, वाहून आलेली. त्यातही गंमत अशी की ती सगळी ह्या डोंगरांचीदेखील नाही. आमच्या खालच्या अंगाला कुकडीच्या काठी बोरी हे गाव आहे. तिथे काठावरच्या गाळात राखेचा एक पांढुरका थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो अभ्यासला आणि मोठाच वाद उभा राहिला. १९८९ साली तिचे वय सुमारे चौदा लाख वर्षे सांगितले गेले. नंतरच्या मोजणीत ते बरेच कमी निघाले. राखेचे रसायन तपासल्यावर ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, असे दिसून आले. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. पुष्कळांच्या मते बोरीची राख त्याच उद्रेकाची, तर काहींच्या मते त्याच टोबाच्या फार जुन्या उद्रेकाची. तो वाद विद्वानांनी मिटवावा. मला एवढेच दिसते की तीन हजार किलोमीटरांहून दूरच्या डोंगराची राख आकाशातून येऊन आमच्या कुकडीत बसली, आणि तिच्या आसपासच्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. त्या माणसानेही हेच पाणी ओंजळीने प्यायले असेल. 'आमचे पाणी' हा शब्द त्यालाही येत होता की काय कोण जाणे.

(जाता जाता : बोरीपासून काही अंतरावर खोडदला तीस भल्या मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ती पाहायला शाळांच्या सहली येतात, आणि ते योग्यच आहे. पण बोरीच्या काठाकडे सहल गेल्याचे मी ऐकलेले नाही. तिथे निदान एक फलक तरी लावावा, आणि तो काठ नांगराखाली व जेसीबीखाली जाण्यापूर्वी लावावा.)

आता कोणी म्हणेल, पाऊस पश्चिमेला पडतो, मग पश्चिमेला पाण्याची काय कमी? इथेच खडक आडवा येतो. बेसॉल्ट हा काही वाळूसारखा किंवा स्पंजासारखा खडक नाही. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. पाणी असते ते फक्त वरच्या मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या सच्छिद्र थरात. पश्चिमेला उतार एवढा तीव्र की मुरूम टिकत नाही; पाऊस पडतो आणि तासाभरात खाली धावतो. म्हणून श्रावणात ज्या वाडीत ढग घरात शिरतात, त्याच वाडीतल्या बाया एप्रिलमध्ये हंडा घेऊन उतरणीला लागतात. माझी एक मैत्रीण त्या बाजूची आहे, महादेव कोळी समाजातली. वसतिगृहाच्या नळाला सकाळी पाणी येते ह्याचेच तिला पहिल्या वर्षी नवल वाटे. ती म्हणते, आमच्या डोळ्यांदेखत पाणी तुमच्याकडे उतरते, आणि उन्हाळ्यात तुमच्याकडूनच टँकर वर चढतो. मला ह्यावर उत्तर सुचले नाही.

खडकाचा हा स्वभाव आमच्या घरानेही सोसला आहे. आजोबांची नदीकाठची जमीन धरणाच्या पाण्यात गेली आणि आम्ही माळावर आलो. अंगणातून धरण दिसते. पाणी काही चढून येत नाही. वडिलांनी एका पाणाड्याला आणले. त्याने नारळ तळहातावर उभा केला, जागा दाखवली, आणि तिथे तीनशे फुटांवर धूळ निघाली. दुसऱ्या जागी पाचशे फुटांवर. यंत्रवाला म्हणत होता, आणखी खाली जाऊ, पाणी खालीच असते. ही समजूत आपल्या भागात कोणी पसरवली देव जाणे. जसजसे खोल जावे तसतशा ह्या खडकाच्या भेगा मिटत जातात. वरच्या शे-दीडशे फुटांत जे नाही ते पाचशे फुटांवर असेलच असे मुळीच नाही. त्या दोन भोकांचे कर्ज अजून फिटायचे आहे, आणि वडील तिसऱ्याचा विचार करीत आहेत. माझ्या फीचे पैसे आणि बोअरचे पैसे एकाच डब्यातून निघतात, त्यामुळे भूशास्त्र हा विषय मला निव्वळ पुस्तकी वाटू शकत नाही.

जुन्या माणसांना मात्र हा खडक कळला होता. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. ज्या थराला भेगा कमी, तोच थर निवडून त्यांनी लेणी कोरली. आणि लेण्याच्या शेजारी काय? पाण्याचे टाके. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा लेख आहे, नागनिका राणीचा, म्हणून आपण इतिहासाच्या तासाला तो पाठ करतो. पण त्या लेखाच्या बाहेर डोंगरात खोदलेली टाकी आहेत, त्यांवर प्रश्न येत नाही. खडक पाणी पोटात घेत नाही ना? मग तोच ओंजळीसारखा कोरला तर ओंजळीतले पाणी झिरपूनही जाणार नाही. शिवनेरीवरच्या टाक्यांत भर उन्हाळ्यात पाणी असते ते ह्याच न्यायाने. दोन हजार वर्षांपूर्वी घाटाने येणाऱ्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या बैलाला ज्या डोंगरावर पाणी मिळत होते, त्याच डोंगराच्या कुशीतल्या वाडीला आज टँकरची वाट पाहावी लागावी ह्याला निसर्ग जबाबदार आहे असे मी मानत नाही.

पश्चिमेच्या माणसांनी पाणी तर दिलेच, आणखीही पुष्कळ दिले. ज्या गावाच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो ते आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. आणि ३० जुलै २०१४ ची सकाळ आपल्यातल्या कोणालाच विसरता येणार नाही. माळीण गावावर डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही, ही गोष्ट प्रथम एस.टी.च्या चालकाच्या ध्यानात आली. तेव्हा मी शाळेतही धडपणे जात नव्हते. पण शेजारच्या घरात लागलेल्या टीव्हीभोवती जमलेली माणसे मला आठवतात. कारणांची चर्चा पुष्कळ झाली, उतारावरच्या सपाटीकरणापर्यंत. पण मुळाशी हाच डोंगर होता : खाली घट्ट कातळ, वर कुजलेल्या खडकाची आणि मातीची जाड गोधडी, उभा उतार, आणि न थांबणारा पाऊस. पाणी कातळात शिरू शकत नाही. ते गोधडीत भरते, आणि गोधडी घसरते. जो पाऊस आमचे धरण भरतो, तोच त्यांच्या डोक्यावर डोंगर सैल करतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पाण्याच्या वाटपाची बैठक भरते तेव्हा जुन्नर विरुद्ध नगर (आता अहिल्यानगर), किंवा बागाईतदार विरुद्ध बागाईतदार, असे दोनच पक्ष टेबलाशी बसतात. तिसरी खुर्ची घाटमाथ्याच्या वाड्यांची हवी, आणि ती पहिली हवी. कालव्याचे आवर्तन कोणत्या तारखेला ह्यावर भांडण्यापूर्वी माणिकडोहच्या आणि डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या प्रत्येक वाडीला बारमाही पिण्याचे पाणी आहे की नाही, हे विचारले गेले पाहिजे. त्यासाठी धरणातले पाणी पुन्हा वर उचलायलाच हवे असेही नाही. जुन्या टाक्यांचा गाळ काढावा, नवी टाकी कोरावीत, झऱ्यांच्या माथ्यावरचे रान राखावे. ऊस पिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या एका पाळीच्या पाण्याची किंमत आणि एका वाडीच्या टाक्याचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावा. आणि ज्या वाड्या माळीणसारख्या उतारावर आहेत त्यांची पाहणी पावसाळ्यापूर्वी व्हावी, नंतर नव्हे.

ह्यावर गावातून काय ऐकावे लागेल ते मला ठाऊक आहे. "जमिनी आमच्या गेल्या, आन् तू बाजू त्यांची घेतीस?" जमिनी गेल्या हे खरे, आमच्याच गेल्या. पण गेलेल्या जमिनीच्या बदल्यात निदान गावाला कालवा दिसतो. आंबेगावच्या माणसाला काय दिसते? शिवाय कर्जत-करमाळ्याच्या शेतकऱ्याचा मला राग येत नाही. तो वळचणीखाली बसला आहे. त्याच्याकडे ढग पोचेपर्यंत रिकामे होतात, ह्यात त्याचा काय अपराध? त्याला पाणी मिळावे. आम्हालाही मिळावे. पण पाण्याला 'आमचे' म्हणायचे असेल तर आढ्यावर राहणाऱ्यांना विचारून म्हणावे.

हा लेख मासिकासाठी देण्यापूर्वी घरी वाचून दाखवला. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकला. पाणाड्याचा मजकूर आला तिथे ते जरा हसले. मग म्हणाले, "छापू दे. पर गावात वाचू नको." तिसऱ्या बोअरबद्दल ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी विचारले, शेतातल्या जुन्या विहिरीत तो मांजऱ्या म्हणतेस तो खडक कितव्या फुटावर आहे, ते बघता येईल का. दोर आणि टेप घेऊन रविवारी आम्ही उतरणार आहोत.